अडकित्त्याचे रूप आणि त्याची धार

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या घरांतून एक पाट मांडला जातो. त्यावर कोयता, विळी, कातर, अडकित्ता, क्वचित एखादी जुनी, म्यानात गंजलेली तलवार अशी लोखंडाची पंगत बसते. तिला हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल मिळते आणि दसऱ्याचे सोने लुटून झाले की ज्याची त्याची वस्तू ज्याच्या त्याच्या जागी परत जाते. पुढचे वर्षभर त्यांच्याकडे कोणी डोळे उघडून पाहिले, असे आमच्या ऐकिवात नाही. देवळाच्या सभामंडपातील खांबांवरचे कोरीव काम, गर्भागाराच्या दाराचा चांदीचा पत्रा, दीपमाळेची बांधणी ह्यांवर आम्ही चार शब्द बोलतो, वाद घालतो. उत्सवातल्या नाटकाची चिकित्सा तर पहाटेपर्यंत चालते. पण धार असलेल्या वस्तूंविषयी, त्या ज्या घडणीने घडल्या तिच्याविषयी, रसिकतेने काही बोलावे हे आम्हांस सुचत नाही. प्रस्तुत लेखात तसा थोडा प्रयत्न करावयाचे योजले आहे. एवढ्याशा विषयाला इतकी पाने कशाला, असे ज्यांस वाटेल त्यांनी आधी आपल्या घरातला अडकित्ता शोधून समोर ठेवावा आणि मग पुढे वाचावे.

अडकित्ता हे शस्त्र नव्हे आणि निव्वळ अलंकारही नव्हे. ते एक यंत्र आहे. शब्दाचा पूर्वार्ध कानडी 'अडिके' म्हणजे सुपारी ह्याच्याशी जोडलेला आहे, हे बेळगावकडील वाचकांस सांगावयास नको. बडोद्याच्या मंडळींनी ह्याच वस्तूला 'सूडी' म्हटलेले ऐकले असेल, ग्वाल्हेर-इंदुराकडे 'सरौता'. नावे निरनिराळी असली तरी मूळ कल्पना एकच. कातरीचा खिळा दोन पात्यांच्या मध्यावर असतो. अडकित्त्याचा खिळा एका टोकाला असतो. वरच्या भुजेला पाते, खालच्या भुजेला सुपारी टेकावयाची बैठक, आणि दोन्हींच्या लांब शेपट्या हाताच्या मुठीत. सुपारी खिळ्यापासून एक इंचावर ठेवली आणि मुठीचा दाब सहा इंचांवर पडला, तर तो दाब सुपारीवर सहापट होऊन उतरतो. वाळलेल्या रोठ्यासारखे कठीण फळ आमची आजी गप्पा मारता मारता एका हाताने कातरीत असे, त्याचे गमक हे आहे. तिला तरफेचा नियम ठाऊक नव्हता. घडविणाऱ्याला तो हातांनी ठाऊक होता.

आता ह्या यंत्राला रूप कोठून आले, ते पाहण्यासारखे आहे. खिळ्याच्या ठिकाणी सर्वांत जास्त ताण पडतो, म्हणून तेथे धातू रुंद हवा. शेपट्या तळहातात रुतू नयेत म्हणून त्यांना गोलाई हवी आणि टोकाशी हात घसरू नये म्हणून एखादी गाठ किंवा बोंड हवे. वरच्या भुजेला पात्यामागे थोडी उंची हवी, नाहीतर ती वाकेल. ह्या गरजा ध्यानात घेऊन कारागीर धातूकडे पाहू लागला, तेव्हा त्या रुंद टोकात त्याला पक्ष्याचे डोके दिसले, उंच पाठीत घोड्याची मान दिसली आणि टोकाच्या बोंडात कमळाची कळी दिसली. आमच्यासमोर लिहिताना जो अडकित्ता आहे तो पोपटाचा आहे. बांधा पितळेचा, पाते लोखंडाचे. खिळ्याचे डोके हाच पोपटाचा डोळा. अडकित्ता मिटला की पक्षी चोच मिटून बसतो, उघडला की चोच उघडते. पाठीवरच्या पिसांच्या रेघा उथळ आहेत. त्या शोभेसाठी आहेतच, पण तेलकट बोटांना त्यांची पकडही मिळते. ह्या पक्ष्याला पंख नाहीत. पंख काढले असते तर ते अंगठ्याला बोचले असते, म्हणून कारागिराने ते काढले नाहीत. एवढे गाळण्याचे धैर्य त्याच्यापाशी होते, ह्यालाच आम्ही कलादृष्टी म्हणतो. ह्या वस्तूत एकही नक्षी अशी नाही की जी पुसली असता काम अधिक चांगले होईल.

ह्याच्या उलट उदाहरणही देतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील हस्तकलांच्या प्रदर्शनातून आम्ही हौसेने एक अडकित्ता विकत आणला. मुठीच्या जागी नायक-नायिकेचे युगुल, अंगावर दागिने, पायांत नूपुरे. दुकानाच्या दिव्यांत ते फार देखणे दिसले. घरी आणून सुपारी धरली तर नायिकेचे कोपर तळहातात घुसले. दुसऱ्यांदा जोर केला तेव्हा पात्यावर दात पडला आणि सुपारी बैठकीवरून उडून कपाटाखाली गेली. पात्याला लोखंडाचा रंग होता, पण पाणी नव्हते. बैठक सपाट होती, तिला सुपारी धरून ठेवणारी खोलगट जागा नव्हती. विक्रेत्याला दोष द्यावा असे मात्र आम्हांस वाटले नाही. घेणाऱ्यांपैकी कोणी कधी सुपारी कातरून पाहिली होती काय? आम्हीही तेथे पाहिली नव्हती. गिऱ्हाईक डोळ्याने घेऊ लागले की कारागीर डोळ्यासाठीच घडवितो, आणि युगुलाची जुनी, खरोखर सुंदर घडण अशा रीतीने दिवाणखान्यातल्या बाहुलीवर येऊन थांबते. जुन्या अडकित्त्यांतही युगुले आहेत. पण त्यांतल्या आकृतींची अंगे लांब व नितळ असून त्यांची मिठी हीच मूठ असते. विषय तोच, पण एकाने हाताला विचारून काम केले आणि दुसऱ्याने विचारले नाही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा जो संग्रह आहे, तो पाहिल्यावाचून ह्या विषयावर बोलणे अपुरे ठरेल. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे 'अज्ञातवासी' ह्या नावाने कविता लिहीत. दिवे, दौती, पानदाने, अडकित्ते, वज्रऱ्या, दारावरच्या पट्ट्या अशा ज्या वस्तूंना त्या काळी कोणी संग्रहाच्या लायकीच्या मानीत नव्हते, त्या त्यांनी गावोगाव हिंडून जमविल्या आणि १९७५ साली सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या तलवारी जपणारी संग्रहालये पुष्कळ आहेत. स्वयंपाकघर आणि ओसरी ह्यांना संग्रहालयात मानाने बसविणारा हा माणूस कवी होता, ह्यात आम्हांस नवल वाटत नाही. परदेशातही ह्या वस्तूचे वेड लागलेले एक गृहस्थ होऊन गेले. सॅम्युएल आयलेनबर्ग (१९१३-१९९८) हे विसाव्या शतकातील मोठे गणिती. त्यांनी भारत आणि आग्नेय आशियातील अडकित्ते जमविले, आणि त्या संग्रहावर हेन्री ब्राउनरिग ह्यांचा एक देखणा सचित्र ग्रंथ निघाला. दोन भुजा आणि एक खिळा एवढ्या अटींत किती रूपे संभवतात, हा प्रश्न गणित्याच्या मनाला भुरळ घालणाराच आहे.

तथापि संग्रहालयाच्या काचेबद्दल आमची एक तक्रार राहतेच. काचेआड अडकित्त्याचा आवाज ऐकू येत नाही. चांगला अडकित्ता सुपारीतून जाताना एकच कोरडा 'कट्' असा ध्वनी करतो. वाईट अडकित्ता आधी कुरकुरतो, मग सुपारी फोडतो. तो कातरीत नाही. चांगल्याने पडलेली खांड दोन्ही अंगांनी गुळगुळीत असते आणि तिच्यावर पांढऱ्या-तांबड्या रेषांची नक्षी स्पष्ट उमटते. 'पितळ व लोखंड, एकोणिसावे शतक' एवढ्या चिठ्ठीवरून ह्यांतले काही समजत नाही. बाहेरचे पितळ पाहून आपण परततो, आणि ज्या पात्यासाठी सारा खटाटोप झाला ते पाते एका काळ्या रेघेइतकेच ध्यानात राहते.

म्हणून त्या काळ्या रेघेकडे वळू. लोहाराच्या भट्टीत पात्याचा जन्म होतो तो क्षण थोड्या वाचकांनी पाहिला असेल. चांगल्या पात्याला दोन परस्परविरोधी गुण हवे असतात. धार टिकावी म्हणून ते कठीण हवे आणि तुटू नये म्हणून चिवट हवे. नुसते मऊ लोखंड वाकते. नुसते कठीण पोलाद काचेसारखे उडते. जुने लोहार ह्याला तोड काढीत ती अशी की, पात्याचे अंग मऊ लोखंडाचे घेऊन धारेच्या कडेला तेवढी पोलादाची चिंचोळी पट्टी तापवून ठोकून एकजीव करावयाची. पोलाद महाग असे, त्यामुळे काटकसरही होई आणि गुणही साधे. आज खेड्यातल्या लोहाराकडे बहुधा मालमोटारीच्या कमानीचे जुने पाटे असतात. ते पोलाद उत्तम असते. शेकडा अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक कर्ब त्यात असतो आणि कोयत्या-विळ्यांना ते मानवते.

तापलेल्या पात्याचा रंग हे लोहाराचे तापमापक. भर उन्हात तो नीट दिसत नाही म्हणून भट्टी अंधाऱ्या कोपऱ्यात असते; लोहाराची शाळा काळोखी का, ह्याचे आम्हांस लहानपणी फार कुतूहल वाटे. पाते लाल झाले, लोहचुंबकास चिकटेनासे झाले, त्याहून थोडे वर गेले की ते पाण्यात किंवा तेलात बुडवावयाचे. ह्याला 'पाणी देणे' म्हणतात. मराठीने 'पाणीदार' हे विशेषण पात्याला, मोत्याला, डोळ्याला आणि माणसालाही लावले आहे. पैकी पात्याचे पाणी तेवढे हातांनी द्यावे लागते. पाणी दिल्यावर पाते अतिशय कठीण, पण ठिसूळ असते. मग ते घासून उजळ करून पुन्हा मंद आचेवर धरतात. उजळलेल्या पोलादावर आधी गवती पिवळा रंग चढतो, तो साधारण २३० अंश सेंटिग्रेडला. मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. ह्या रंगांच्या ओघात कोठे थांबावे, हे ज्याला कळले तो लोहार. कठीण फळ कातरणाऱ्या पात्याला एक रंग, झाडावर घाव घालणाऱ्या कोयत्याला दुसरा. रंग डोळ्यांसमोरून जाण्यास काही क्षणच लागतात आणि चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. रंगपटाच्या बाबतीत आम्ही चित्रकारांची स्तुती करतो; हाही एक रंगपट आहे, फक्त तो शेवटी पुसला जातो.

पोलादाची ही विद्या आपल्याकडे किती दूरवर गेली होती, हे हैदराबादच्या वाचकांस अभिमानाने सांगण्याजोगे आहे. निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम् येथे मुशीत पोलाद बनविले जाई, आणि ते खरेदी करण्यास इराणी व्यापारी तेथवर येत. हेन्री व्हॉयसी ह्यांनी केलेले त्या कामाचे वर्णन १८३२ साली छापून निघाले. त्याआधी, १७९० नंतरच्या काही वर्षांत, मुंबईच्या हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरांनी ह्या पोलादाचे तुकडे लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडले. कानडी 'उक्कु' ह्या शब्दाचे इंग्रजांच्या तोंडी जे रूप झाले, त्या नावाने ते पोलाद पुढे जगभर ओळखले गेले. मायकेल फॅरेडे ह्यांनी विजेच्या शोधांपूर्वी जेम्स स्टोडार्ट नावाच्या सुऱ्या बनविणाऱ्या कारागिरासह ह्या पोलादाचे रहस्य उकलण्याचा यत्न केला. फॅरेडे हे लोहाराचे पुत्र होते, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. ते रहस्य पुष्कळसे उलगडले ते १९९८ च्या सुमारास, जॉन व्हर्‌होवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि अल्फ्रेड पेंड्रे हे लोहार ह्या दोघां अमेरिकनांच्या जोडीमुळे. धातूतील व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंश पाण्याच्या लहरींसारखी ती नक्षी घडवून आणतो, असे त्यांनी दाखविले. विद्वान आणि लोहार एका भट्टीपाशी उभे राहिले तेव्हा हे साधले. आमच्याकडे ह्या दोघांची गाठ अजून बहुधा दसऱ्यालाच पडते.

मागणी नोंदवून घडवून घेतलेल्या सुरीचे आमच्या इतिहासातील सर्वांत नामांकित उदाहरण जहांगीर बादशहाचे आहे. १६२१ च्या एप्रिलात जालंदर परगण्यात आकाशातून लोखंडाचा एक गोळा पडला. वजन १६० तोळे भरले. बादशहाने उस्ताद दाऊद ह्याला त्याची शस्त्रे करण्यास सांगितले. उस्तादाने कळविले की, हे लोखंड घणाखाली टिकत नाही, फुटून जाते. तेव्हा तीन भाग हे आणि एक भाग साधे लोखंड असे मिसळून दोन तलवारी, एक कट्यार आणि एक सुरी तयार झाली. सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलादालनात आहे. ही हकीकत बादशहाने स्वतः आपल्या आत्मचरित्रात नोंदविली, आणि त्या नोंदीत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती कारागिराच्या नावाची गोष्ट. उस्ताद म्हणाला की हे जमत नाही. बादशहाने ऐकून घेतले, आणि दोघांनी मिळून वाट काढली. सुरी सुरेख उतरली ह्याचे श्रेय आम्ही ह्या संभाषणाला देऊ. आमच्यासमोरच्या पोपटावर मात्र कोणाचे नाव नाही. देवळाच्या घंटेवर दात्याचे नाव असते, ओतणाऱ्याचे नसते, तोच प्रकार.

आता एक अवघड गोष्ट बोलणे प्राप्त आहे. अडकित्त्याचे हे एवढे कौतुक केले, पण ज्या कामासाठी तो घडला ते काम वाढावे असे आम्ही म्हणू शकत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारीला, तंबाखू न मिसळताही, कर्करोगकारक ठरविले आहे. कलेच्या प्रेमापोटी ह्या सत्यावर पांघरूण घालणे हा रसिकतेचा गुन्हा ठरेल. पूजेत सुपारी लागते ती अखंड. पाटावर ती गणपती होऊन बसते, तिला पात्याचा स्पर्शही होत नाही. म्हणजे धर्मकार्यास अडकित्त्याची गरज नाही. तो अतिथ्याचा, ओसरीवरच्या बैठकीचा, लग्न जुळविताना घातलेल्या घासाघिशीचा सोबती होता. त्या बैठका उठल्या. अडकित्ता हळूहळू काचेआड जाणार, हे आम्ही मान्य करून टाकावे. प्रश्न उरतो तो त्या पात्यामागच्या हाताचा. तोही काचेआड जाऊ द्यावयाचा काय?

आमचे उत्तर विळीपाशी आहे. गोमंतकात जिला आदोळी म्हणतात, त्या ह्या वस्तूला नक्षी जवळजवळ नसतेच, आणि घडणीच्या दृष्टीने आम्ही तिला पोपटाच्या अडकित्त्याच्याही वर बसवू. सुरीत पाते हलते आणि भाजी स्थिर असते. विळीत पाते स्थिर आणि भाजी हलते. पाटावर पाय ठेवून बसले की शरीराचे वजनच तिचा पाया होते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. मासळी असो, केळफूल असो वा कोहळा, दोन्ही हातांनी धरून हवे तसे फिरविता येते. पात्याचा बाक असा की, भाजी खालून वर सरकताना धार तिला तिरकी भेटत जाते. शेंड्याला खवणीचे दाते. म्हणजे एकाच लोखंडात नारळ खवण्याचीही सोय. महाप्रसादाच्या आदल्या रात्री देवळाच्या रांधणीत ओळीने विळ्या लागतात तेव्हा तिचे खरे सौंदर्य दिसते. गुडघे दुखतात म्हणून ओट्यावर उभ्याने चिरणारी आजची गृहिणी तिला दूर सारते, हे आम्हांस समजते; त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. न गंजणाऱ्या पोलादाची बाजारी सुरी कोकणच्या पावसात सोयीची आहे, हेही खरे. लोहाराचे पाते पुसून त्याला खोबरेल लावावे लागते, विसरले तर चार दिवसांत तांबारते. पण निसण्यावर दोनदा ओढले की ते पुन्हा जागे होते, आणि बाजारी सुरी एकदा बोथट झाली की घरातल्या दगडाला सहजी बधत नाही. आमच्या देवस्थान समित्या चांदीच्या कामासाठी, लाकडाच्या कोरीव कामासाठी कारागीर नेमतात, नमुने तपासतात, पसंत-नापसंत करतात. रांधणीतल्या विळ्या-कोयत्यांसाठीही त्यांनी असेच लोहाराकडे जावे, पाते वाकवून पाहावे, कापून पाहावे, नापसंत पडल्यास परत करावे आणि पसंत पडल्यास त्यावर घडविणाऱ्याची खूण उमटवून घ्यावी, असे आम्हांस वाटते. अनुकंपेने दिलेल्या कामातून चांगले पाते निघत नाही.

लेखासाठी म्हणून आम्ही पोपटाचा अडकित्ता धार लावण्यास एका मेस्ताकडे नेला होता. त्यांनी तो उघडमीट करून खिळा पाहिला, अंगठ्याच्या नखावर पात्याची कड टेकवली आणि म्हणाले, "पोलाद बसयलां. बरें काम." मग विचारले, "हाचेर सुपारी कोण कातरता?" आम्ही म्हणालो, "कोणूच ना." ते काही बोलले नाहीत, पण धार लावली, आणि कोपऱ्यातला माडाचा एक वाळका हीर घेऊन त्याचे तांदळाएवढे तुकडे पाडून दाखविले. आम्ही त्यांना एक आदोळी घडवून मागितली. तेव्हा मात्र ते खुलले. बसून कातरणार की ओट्यावर, घरात डावखुरे कोणी आहे काय, कितीजणांचे रांधप, नारळ रोज किती, असे एकामागून एक विचारीत त्यांनी भिंतीवर कोळशाने चार रेघा ओढल्या. चवथीआधी जमणार नाही, म्हणाले. आधी गावातले कोयते व्हायचे आहेत.